आधी गार, मग गाडी

मॅडम कुणाला नमस्कार करत नसत. माणूस जवळ आला की त्याच्या मानेला, कानाच्या जरा खाली, उलटा हात लावत आणि विचारत, "सकाळची लघवी कशी होती? पाण्यासारखी का चहासारखी?"

समोर कोण आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. ग्रामसभेत त्यांनी सरपंचांनाच हा प्रश्न केला, तोही माईकवरून. बायका तोंडात पदर धरून हसायला लागल्या. सरपंच लाजून म्हणाले, "मॅडम, इथं बाया बसल्या हायेत."

"मंग? बाया लघवीला जात न्हाईत का?" मॅडम म्हणाल्या आणि क्षणभर थांबून स्वतःच म्हणाल्या, "न्हाईच जात. शेतात आडोसा न्हाई, म्हणून दिवसभर पाणीच पीत न्हाईत. अन् मंग संध्याकाळी माझ्याकडं येतात, डोकं दुखतं म्हणून."

बायकांचं हसणं थांबलं. त्या दिवसापासून गावात त्यांच्या पाठीमागे त्यांना एक नाव पडलं, ते मी इथे लिहीत नाही. मॅडमना ते माहीत होतं आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

केदारखेड्यापासून आत एका गावात आमचं आरोग्य केंद्र होतं. मी तिथे नर्स, मॅडम वैद्यकीय अधिकारी. मॅडम राहायच्या जुन्या जालन्यात, घरी उर्दू बोलायच्या, नवऱ्याचं कापडाचं ठोक दुकान. उन्हाबद्दल त्या एवढ्या हट्टी का, याच्या गावाने बऱ्याच गोष्टी रचल्या होत्या. कुणी म्हणे त्यांचा भाऊ उन्हात गेला, कुणी म्हणे नवरा. एकदा धीर करून मी विचारलं. त्या खळखळून हसल्या. "नवरा? तो दुकानात पंख्याखाली बसून रोज लस्सी पितो, चांगला ठणठणीत आहे. अगं, कारण काय लागतं? ओपीडी बघ ना मार्चपासूनची."

उन्हाळ्यात त्या मुक्कामाला केंद्रावरच राहत. भल्या पहाटे गावात फिरायला निघत, ते फिरणं म्हणजे लोकांच्या घरांच्या भिंती चाचपणं. पत्र्याच्या खोलीपाशी थांबायच्या, भिंतीला तळहात लावून डोळे मिटायच्या. म्हातारी माणसं म्हणायची, "मॅडम, ऊन काय आजचं हाय का? आम्ही उन्हातच जल्मलो." त्यावर त्या त्यांचाच हात धरून भिंतीवर ठेवायच्या. "ऊन जुनं आहे, बाबा. रात्र नवीन आहे. पहिले या वेळेला ही भिंत गार लागायची का न्हाई, सांगा बरं. आता रातभर ती तुमच्या अंगावर वाफ सोडून राह्यली. शरीराला आराम कधी मिळणार?" म्हातारे विचारात पडायचे. काही जण दुसऱ्या दिवसापासून खाट अंगणात काढायचे, काही जण मॅडमच्या पाठीमागे हसायचे.

आणि दर सोमवारची ती कवायत. ॲम्ब्युलन्सच्या सीटखाली मॅडमनी एक निळी ताडपत्री घडी करून ठेवली होती. सोमवारी ओपीडी संपली की केंद्राच्या मागे ती पसरायची, त्यात आमच्या ड्रायव्हरला निजवायचं, चौघापाचांनी कडा उचलून धरायच्या, आत बादल्यांनी पाणी ओतायचं आणि ताडपत्री झोळीसारखी हलवायची. उष्माघाताच्या माणसाला जागच्या जागी थंड करण्याची ती रीत. ड्रायव्हर आमचा सज्जन माणूस, पण गावातली पोरं कंपाउंडवर बसून टाळ्या वाजवायची तेव्हा त्याचा चेहरा बघवत नसे. "मॅडम, पेशंट म्हणून सिस्टरला घ्या की एकदा," तो म्हणायचा. मॅडम म्हणायच्या, "तू सगळ्यात जड आहेस. तू उचलला गेलास तर कुणीबी उचललं जाईल."

त्यांची एकच आज्ञा आम्हाला पाठ होती: आधी गार, मंग गाडी. अंग तसंच पेटलेलं असताना माणसाला गाडीत घालून पळवलं तर वाटेत आतलं सगळं शिजतं, मग पुढे कितीही मोठा दवाखाना असो. हे त्या इतक्यांदा सांगत की आम्ही ते ऐकणंच सोडून दिलं होतं.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मे महिन्यात धरलं. माझं माहेर त्याच पट्ट्यातलं, शेतीवाडीचं घर. मुहूर्त दुपारी बाराचा. मॅडमना पत्रिका दिली तेव्हा त्यांनी नावं वाचलीच नाहीत, वेळ वाचली. संध्याकाळी त्या माझ्यासोबत थेट आमच्या घरी आल्या. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मानेला हात लावून झाल्यावर म्हणाल्या, "अण्णा, गोरज मुहूर्तावर लावा. दिवस मावळताना. पोरीचं लग्नच आहे, ते काही पळून चाललं न्हाई."

अण्णा माझ्यासमोर कधी आवाज चढवायचे नाहीत, पण त्यांचा जबडा आवळला. "मॅडम, पाहुणे लांबचे हायेत. त्यान्ला अंधार पडायच्या आत घरी जायचं ऱ्हातं. अन् आमच्यात दुपारचंच लग्न लागतं. इतक्या लग्नांत कोण मेलं?"

"मरणारे लग्नात मरत न्हाईत, अण्णा. घरी जाऊन दुसऱ्या दिवशी मरतात. लोक म्हणतात हार्ट अटॅक आला."

अण्णा उठून गोठ्याकडे गेले. मॅडम चहा न पिता उठल्या. दारात मला म्हणाल्या, "ठीक आहे. मंग मी येते. पण पाहुणी म्हणून न्हाई, ड्युटीवर."

मला वाटलं, रागात बोलल्या. लग्नाच्या दिवशी सकाळी मांडवासमोर ॲम्ब्युलन्स येऊन उभी राहिली. नवरदेवाचे चुलते गाडीतून उतरत होते. कडक इस्त्रीचे कपडे, डोक्यावर फेटा. ॲम्ब्युलन्स बघून ते जागीच थांबले. "ही कामून आली? कोण गेलं?"

"कोणी न्हाई गेलं," मॅडम पुढे होऊन म्हणाल्या. "जाऊ नये म्हणून आली."

चुलत्यांनी अण्णांकडे पाहिलं. "लग्नाच्या दारात ही गाडी? आमच्या पोराचं शुभ करून राह्यले का तुम्ही, का काय करून राह्यले?" अण्णांचा चेहरा काळवंडला. त्यांनी माझ्याकडे बघून एवढंच म्हटलं, "तुझ्या मॅडमला सांग." मी काही सांगायच्या आत मॅडमनीच ड्रायव्हरला खूण केली आणि गाडी मांडवाच्या पाठीमागे, स्वयंपाकाच्या पत्र्यांजवळ नेऊन लावली.

वाऱ्याने जाळ विझू नये, धूळ अन्नात जाऊ नये, म्हणून आचाऱ्याने तिन्ही बाजूंनी पत्रे उभे केले होते. वर पत्रा. आत दोन भट्ट्या. एकीवर तेलाची कढई, दुसरीवर वांग्याची भाजी. आचारी पंचेचाळिशीचा, किडकिडीत, आमच्या पट्ट्यातल्या बहुतेक लग्नांना त्याच्याच हातचं जेवण असे. त्याची बायको बाजूला चारपाच बायांसोबत पुऱ्या लाटत होती. मॅडम त्याला दोनतीनदा म्हणाल्या, "जरा बाहेर ये, सावलीत बस, पाणी पी." तो दर वेळी "हो मॅडम, एवढा घाणा काढतो" म्हणायचा. त्याचं बरोबर होतं. पंगतीला पुरी गरम लागते, आणि पंगत कधी बसेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

कारण बाराचा मुहूर्त टळून गेला होता. नवरदेव मारुतीला जाऊन परत येत होता, आणि त्याची ती मिरवणूक डीजेसमोर नाचत एकेक पाऊल सरकत होती. मांडवात वारा नव्हता. कापडाखाली हजारभर श्वास कोंडले होते. लहान मुलं रडून थकली होती. मॅडम रांगांमधून फिरत म्हाताऱ्यांच्या मानेला हात लावत होत्या, कुणाला उठवून लिंबाखाली पाठवत होत्या, आणि वरपक्षातले लोक त्यांच्याकडे बघून एकमेकांना कोपर मारत होते. मी बहिणीजवळ बसले होते. तिचा मेकअप हनुवटीवरून ओघळत होता. "ताई, कधी लागंल गं?" ती म्हणाली.

तेवढ्यात मागून झारा आपटल्याचा आवाज आला, आणि मग शिव्या.

मी धावले. आचारी भट्टीसमोर उभा होता आणि अण्णांना, ज्यांना तो लहानपणापासून ओळखत होता, "कोण रे तू? कोणाच्या घरात आला?" म्हणून ओरडत होता. शर्टाची बटणं तोडून टाकली होती. तो निघाला आणि सरळ पत्र्याच्या खांबावर जाऊन आदळला. वरपक्षातल्या दोन तरण्या पोरांनी त्याची कॉलर धरली. "चढली ह्याला! सकाळपासून पिऊन राह्यला!"

"ते पेत न्हाईत वो!" त्याची बायको किंचाळली. पिठाच्या हातांनी तिने त्या पोराचा हात ओढला. "त्यान्नी कधी तोंडाला लावली न्हाई!"

एकाने हात उगारला. तो हात खाली यायच्या आत आचारीच खाली कोसळला आणि त्याचं सगळं अंग झटके द्यायला लागलं.

मॅडम गर्दीतून कशा आल्या मला दिसलं नाही. त्या गुडघ्यांवर बसल्या होत्या आणि त्यांचा हात त्याच्या मानेवर होता. अंग कोरडं होतं, तव्यासारखं. मी थर्मामीटर लावला. त्यावर आकडा उमटलाच नाही. नुसतं इंग्रजीत 'हाय' असं आलं, म्हणजे मोजायच्या पलीकडचं.

"टाका गाडीत!" अण्णा ओरडले. "न्या जालन्याला, जल्दी!" ड्रायव्हरने गाडी चालू केली होती. चौघांनी आचाऱ्याचे हातपाय धरले.

"खाली ठेवा," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, मरंल तो!"

"म्हणूनच म्हणते, खाली ठेवा. गाडी बंद कर रे. ताडपत्री आण."

लोकांना कळेना. सकाळपासून जिच्यावरून एवढा तमाशा झाला, ती गाडी समोर उभी, आणि ही बाई माणसाला गाडीत घालू देत नाही. गर्दी आत रेटायला लागली. "बाईला येड लागलं", "पोलीसला फोन लावा", असं ऐकू येत होतं. आचाऱ्याची बायको मॅडमच्या पायांवर पडून म्हणत होती, "न्या वो बाई, पाया पडते, न्या." मॅडमनी तिला उठवलं नाही, तिच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सिस्टर, बर्फ."

बर्फ आमरसासाठी आणला होता. भुशात गुंडाळलेल्या लाद्या, आणि त्यांच्याशेजारी स्वयंपाकाच्या पाण्याची टाकी. गावाला टँकरचंच पाणी होतं, पुढचा टँकर संध्याकाळपर्यंत येणार नव्हता. नवरदेवाचे चुलते लाद्यांपुढे येऊन उभे राहिले. "ह्या पाण्यात भात शिजायचा हाय. आमची एवढी माणसं उपाशी ठेवता का एका आचाऱ्यापायी?"

"प्यायचे जार तसेच आहेत. त्याला मी हात लावणार न्हाई," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. "भात उद्या शिजेल. हा माणूस उद्या न्हाई."

चुलते हलले नाहीत. मी त्यांच्या बाजूने हात घालून लादी ओढली. ती माझ्याने उचलेना. मग माझ्या हाताशेजारी दुसरे दोन हात आले. ते अण्णांचे होते. आम्ही दोघांनी लादी उचलून ताडपत्रीत टाकली आणि अण्णांनी कुऱ्हाडीच्या तुंब्याने, मागच्या बोथट बाजूने, ती फोडली.

"कडा धरा!" मॅडम ओरडल्या. मघाशी कॉलर धरणाऱ्या त्या दोन पोरांनाच त्यांनी दंडाला धरून उभं केलं. एक कड ड्रायव्हरने धरली, एक अण्णांनी, मधल्या जागा मिळेल त्यांनी. पाणी ओतलं. मी त्याच्या डोक्याशी बसून त्याचं तोंड पाण्याच्या वर धरलं. बर्फ त्याच्या छातीवरून, काखेतून सरकत होता. ताडपत्री हलत होती, इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि मॅडम मोठ्याने "हलवा, हलवा" म्हणत होत्या. त्याचे झटके थांबले, पण श्वास घरघरत होता. माझ्या बोटांना बर्फाने मुंग्या आल्या होत्या आणि पाठ उन्हाने भाजत होती.

त्याच वेळी मांडवातून लाउडस्पीकरवर मंगलाष्टका सुरू झाल्या. मिरवणूक पोचली होती आणि भटजींना मागे काय चाललंय याचा पत्ता नव्हता. माझ्या बहिणीचं लग्न लागत होतं. अण्णांनी एकदा मांडवाकडे मान वळवली. त्यांच्या हातातली कड किंचित खाली आली. मॅडम म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही जा." अण्णांनी मान हलवली आणि कड पुन्हा वर उचलली. टाळ्या वाजल्या, अक्षता पडल्या असतील, डीजे सुरू झाला. आम्ही हलवतच होतो.

मॅडम पुन्हा पुन्हा थर्मामीटर लावत होत्या. कितव्यांदा तरी आकडा उमटला. मग तो उतरायला लागला. आचाऱ्याची पापणी हलली. त्याने डोळे उघडून वरच्या माणसांकडे पाहिलं आणि ओठ हलवले. मी कान लावला.

"कढई उतरवली का?"

त्याची बायको तिथेच मातीत बसली आणि मोठ्याने रडायला लागली.

"आता गाडी," मॅडम म्हणाल्या.

त्या स्वतः त्याच्यासोबत जालन्याला गेल्या. पंगत दिवस कलता कलता बसली. भात नव्हता, आमरस कोमट होता. चुलते जेवायला बसलेच नाहीत. ताडपत्रीच्या कडेने सोलवटलेल्या हातांनी अण्णांनी बहिणीची पाठवणी केली.

आचारी वाचला. बरेच दिवस दवाखान्यात होता, मूत्रपिंडांना धक्का बसला होता. मॅडमविरुद्ध चुलत्यांनी तक्रार केली: सरकारी गाडी खाजगी लग्नात नेली, समारंभाचा विचका केला. चौकशीला एक साहेब आले. मॅडमनी आल्या आल्या त्यांच्या मानेला हात लावला. त्यांना ते आवडलं नाही. थोड्याच दिवसांत बदलीचा आदेश आला, अंबडच्या बाजूला, अंकुशनगरजवळच्या एका केंद्रात.

जायच्या आदल्या दिवशी आचाऱ्याची बायको केंद्रावर आली. मला वाटलं, आभार मानायला आली. ती उभीच राहिली. "बाई, त्यान्ला परत भट्टीवर जाऊ देऊ का?"

"बिलकुल न्हाई. त्याच्या अंगाला आता ती धग सोसणार न्हाई."

"मंग आम्ही खायचं काय?"

पाणी किती प्यायचं, खाट कुठे टाकायची, माणूस कसा गार करायचा, हे सगळं मॅडमकडे होतं. ज्याचा धंदाच जाळाशी आहे त्याने काय करायचं, हे नव्हतं. उत्तर येत नाही हे त्या बाईने ओळखलं आणि ती निघून गेली. त्या दिवशी मॅडमनी नंतर कुणाच्याच मानेला हात लावला नाही. मला वाटतं, जालन्याच्या एसटीत त्या तेच ओझं घेऊन चढल्या.

पुढच्या लग्नसराईत माझ्या चुलत भावाचं लग्न ठरलं. अण्णा आचाऱ्याच्या घरी गेले, मी सोबत होते. आचारी ओट्यावर बसून लसूण सोलत होता. बोलली ती त्याची बायको. भट्टीवर आता ती उभी राहायची. "सांजचं लगीन आसंल तर येते. दुपारचं आसंल तर दुसरा आचारी पाहा."

"अगं, पण पाहुणे..."

"पाहुण्यान्ला सांगा. दुसरा आचारीबी मिळायचा न्हाई म्हणा. आम्ही समद्यांनी ठरवलं हाय. ते दवाखान्यात पडले व्हते तवा समदे आचारी यिऊन पाहून गेले त्यान्ला. कोणी इसरलं न्हाई."

अण्णा तिच्याशी भांडले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी भटजींना फोन लावला. त्या उन्हाळ्यात आमच्या पट्ट्यातली कितीतरी लग्नं दिवस मावळताना लागली. सगळी नाही. काहींनी शहरातून केटरर आणले आणि दुपारीच उरकलं. पण पुष्कळ.

ही गोष्ट मॅडमना सांगायची म्हणून मी एका रविवारी अंकुशनगरच्या बाजूला गेले. एप्रिल संपत आला होता आणि ऊस अजून उभा होता, तोड लांबली होती. मॅडम केंद्रात नव्हत्या. रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसल्या होत्या, डोक्यावर ओली ओढणी, चेहरा रापलेला. समोरच्या फडात बाया-माणसं ऊस तोडत होती. मुकादमाने मॅडमना नुकतंच फडाबाहेर काढलं होतं. "दुपारी काम थांबव म्हणते तर म्हणतो, मॅडम, तुम्ही सुया टोचा," त्या म्हणाल्या. "रोज येते. रोज भांडते."

मी सगळं सांगितलं. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. मला वाटलं, खूश होतील. त्यांनी ओल्या ओढणीच्या टोकाने चेहरा पुसला.

"मी सरपंचाशी भांडले, भटजीशी भांडले, तुझ्या बापाशी भांडले," त्या म्हणाल्या. "अन् जिच्या न्हाई म्हणण्यानं चूलच पेटत न्हाई, तिच्याशी बसून कधी दोन शब्द बोलले न्हाई."

मग एकदम त्यांनी माझा हात धरला. "सांग बरं, ऊसतोडीत आसं कोण असतं? ज्यानं न्हाई म्हटलं की सगळं थांबतं?"

मी विचार करायला लागले. मुकादम नाही. कारखान्याचे साहेब तर नाहीच. फडाच्या कडेला मोळ्यांनी भरत आलेला एक ट्रॅक्टर उभा होता. ड्रायव्हर ट्रॉलीच्या सावलीत बसून तंबाखू मळत होता. तो हलल्याशिवाय तोडलेला ऊस जागचा हलणार नव्हता, आणि भर दुपारी त्या तापलेल्या लोखंडावर बसून त्यालाच जायचं होतं.

मॅडमनी माझी नजर कुठे गेली ते पाहिलं होतं. त्या उठल्या, ओढणी झटकून पुन्हा डोक्यावर घेतली आणि ढेकळांतून चालायला लागल्या. ड्रायव्हरने त्यांना येताना पाहिलं आणि तो सावरून बसला. मला वाटलं, आता ओरडणार.

"भाऊ," त्या म्हणाल्या, आणि त्याच्याशेजारी जमिनीवर बसल्या, "उठू नको. तुला काही सांगायला न्हाई आले. तुझंच ऐकायला आले."